फेलोशिपचा फॉर्म भरताय? निदान या चुका तरी टाळा

समुद्रविज्ञान, पर्यावरण धोरण, सागरी कायदा यात पुढे शिकायचंय म्हणून बडोद्यातली मुलं-मुली माझ्याकडे फॉर्म दाखवायला येतात. मुलं दरवर्षी नवीन, चुका मात्र जुन्याच, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

सगळ्यात डोकं फिरवणारी चूक म्हणजे फेलोशिप कोणासाठी आहे हे न वाचताच कामाला लागणं. एक मुलगा होता, एमएस्सी झूलॉजीचा, हुशार, त्याला कुठल्यातरी व्हॉट्सअॅप ग्रुपवर क्नाउस फेलोशिपचा मेसेज आला. फेलोशिप खरीच जबरदस्त आहे, अमेरिकेच्या नोआ या समुद्र-हवामान संस्थेचा सी ग्रँट विभाग 1979 पासून चालवतोय, वर्षभर वॉशिंग्टनमध्ये काँग्रेसच्या म्हणजे तिथल्या संसदेच्या किंवा सरकारी खात्यांच्या ऑफिसात बसून समुद्राची धोरणं कशी ठरतात ते आतून बघायला मिळतं. पठ्ठ्याने निबंध लिहिला, दोन सरांच्या मागे लागून शिफारसपत्रं घेतली, घरी आईने पेढेसुद्धा वाटले म्हणे, आणि शेवटच्या आठवड्यात मला फोन, "काका, यात राज्य विचारलंय, पण लिस्टमध्ये गुजरात दिसत नाहीये." अरे, कसं दिसेल! ती फेलोशिप अमेरिकेतल्या विद्यापीठात मास्टर्स, पीएचडी वगैरे करणाऱ्यांसाठी आहे, आणि अर्ज तिथल्या राज्याच्या सी ग्रँट प्रोग्रॅममार्फतच जातो. पहिल्याच पानावर लिहिलेलं असतं हे. पण पहिलं पान वाचायला वेळ कोणाला, सगळ्यांना थेट 'अप्लाय'चं बटण हवं.

माझी सवय साधी आहे, पात्रतेचं पान प्रिंट काढायचं आणि एकेक अटीपुढे पेनने हो किंवा नाही लिहायचं. एक जरी 'नाही' आलं तर ती फेलोशिप बंद, निबंधाचा विचारही करायचा नाही. अमेरिकेच्या फुलब्राइट-नेहरू मास्टर्सला किमान तीन वर्षांचा नोकरीचा अनुभव लागतो, ब्रिटनच्या चिव्हनिंगला दोन वर्षांचा म्हणजे 2,800 तास, वर शिकून झाल्यावर दोन वर्षं मायदेशी परत यायचं असतं. आत्ताच बीएस्सी झालात तर यातलं काहीच तुमच्यासाठी नाही, उगाच दोन महिने घालवू नका. त्यापेक्षा युरोपातले इरास्मस मुंडसचे मास्टर्स कोर्स बघा, बेल्जियमच्या गेंट विद्यापीठाच्या पुढाकाराने चालणारा, सागरी जैविक संसाधनांवरचा आयएमबीआर-सी (IMBRSea) आहे. आणि एमएस्सी झालेल्यांनी गोव्याच्या एनआयओला म्हणजे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेला नाकं मुरडू नयेत, सीएसआयआर-नेटची परीक्षा काढून जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप मिळाली की महिना 37,000 रुपये, समुद्रही समोरच. पण नेटचा अभ्यास करावा लागतो ना, तिथेच गाडी अडते.

दुसरी चूक निबंधातली. "मला लहानपणापासून समुद्राचं वेड आहे." हे वाक्य मी इतक्यांदा वाचलंय की आता नुसतं 'लहानपणापासून' दिसलं तरी पेन उचलतो. पुढे गोव्याची ट्रिप, कासव, प्लास्टिक, संपला निबंध. धोरण कुठेय यात? दांडिया बाजारातली एक मुलगी असंच लिहून आली. तिला विचारलं, कावी-कंबोईला गेलीयेस कधी? म्हणाली, हो काका, भरतीला बुडणारं महादेवाचं देऊळ बघायला सगळेच जातात की. म्हटलं, मग देऊळ बघून परत नको येऊस, ओहोटीला तासभर थांब. गेली, थांबली. पाणी दूरवर मागे गेलेलं, नजर पोचेल तिथपर्यंत चिखल, त्यात उड्या मारणारे निवटे, आणि गुडघ्याएवढ्या चिखलातून जाळी आणायला निघालेली माणसं. मग मी तिला सीआरझेडची, म्हणजे किनाऱ्यालगत काय करता येतं आणि काय नाही ते ठरवणाऱ्या सरकारी नियमांची, दोन नोटिफिकेशन्स शेजारी-शेजारी ठेवायला लावली. 2011 च्या नियमात भरतीचं पाणी शिरणाऱ्या नदी-खाडीच्या काठाला भरतीरेषेपासून 100 मीटर किंवा खाडीच्या रुंदीइतकं, यातलं जे कमी असेल ते संरक्षण होतं, 2019 मध्ये त्या 100 चे 50 झाले. आता तिथल्याच मही नदीच्या मुखाशी या 50 मीटरने कोणाचं काय गेलं, कोणाचं फावलं, एवढंच लिही म्हटलं. चार वेळा खाडाखोड झाली, रडलीसुद्धा, पण इंटरव्ह्यूचं बोलावणं आलं आणि पॅनेलने जवळजवळ सगळा वेळ त्या 50 मीटरवरच घालवला. वेडाबद्दल कोणी विचारलं नाही.

खंभातच्या आखाताचं पाणी गढूळ, फोटोत चांगलं दिसत नाही, म्हणून आपली मुलं निळ्या समुद्राचं लिहितात. बडोद्याहून पादरा-जंबुसर करत सकाळी कावीला निघालात तर संध्याकाळी परत, ते सोडून मालदीवच्या प्रवाळांवर निबंध! एआयकडून लिहून घेणाऱ्यांना तर मी परत पाठवतो, चौघांचे निबंध सख्ख्या भावंडांसारखे दिसतात हो.

बाकीच्या किरकोळ, पण फॉर्म उडवणाऱ्या. मार्कशीटवर आडनाव आधी आणि पासपोर्टवर शेवटी, हे आपल्याकडे सर्रास, फॉर्ममध्ये पासपोर्टप्रमाणेच लिहा. शिफारसपत्र सरांकडे महिनाभर आधी मागा, सोबत आपला सीव्ही आणि निबंध द्या, नाहीतर "मेहनती व नम्र विद्यार्थी" एवढंच हातात पडेल. जीमेलवरून पत्र पाठवायला सांगू नका, विद्यापीठाचा ईमेल हवा. शेवटच्या तारखेची वेळ कुठली ते बघा, अमेरिकेच्या ईस्टर्न वेळेचे संध्याकाळचे पाच म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडे पहाटेचे साडेतीन आणि उन्हाळ्यात अडीच. आणि फाइलला 'फायनल फायनल 3' नाव देऊन पाठवू नका, मागच्या वर्षी एकाने 'फायनल 2' पाठवली, त्यात दुसऱ्याच विद्यापीठाचं नाव होतं.