रॅट, कमी ऑक्सिजन आणि स्प्रेडिंग डिप्रेशन: या चुका टाळा

रॅटवर कमी ऑक्सिजनमध्ये स्प्रेडिंग डिप्रेशनचे प्रयोग करताना होणाऱ्या चुकांबद्दल हे लिहितोय. हे डिप्रेशन मनाचं नव्हे, हे दर वर्षी नव्या बॅचला सांगावं लागतं. मेंदूच्या पृष्ठभागावरून मिनिटाला २ ते ५ मिलिमीटर सरकणारी, मागे चेतापेशींना थोडा वेळ गप्प करणारी ही लाट. ब्राझीलचे शास्त्रज्ञ आरिस्तिदेस लिआंव यांनी १९४४ साली सशांमध्ये तिची नोंद केली. लाटेत बाहेर सांडलेलं पोटॅशियम पेशींचे पंप परत आत ओढतात आणि त्याला ऑक्सिजन लागतो. ऑक्सिजन पुरेसा असला की रॅटमध्ये लाटेसोबत रक्तप्रवाह उसळतो. ऑक्सिजन कमी पडला की प्रवाह उलट आटतो, आणि लाट ओसरायलाही वेळ लागतो.

सगळ्यात जास्त डोकं फिरवणारी चूक म्हणजे बीपीकडे दुर्लक्ष. बेशुद्ध जनावराचा ऑक्सिजन उतरवला की बीपीही घसरतं, आणि नुसतं बीपी घसरलं तरी लाटेसोबत प्रवाह उसळण्याऐवजी तसाच आटतो. आमचा एक विद्यार्थी रात्री नऊला आलेख छापूनच घेऊन आला. लेसर डॉपलरची, म्हणजे रक्तप्रवाह मोजणाऱ्या यंत्राची, रेघ झोकात खाली गेलेली. विचारलं, "बीपी किती होतं?" "सर, सुरुवातीला ठीक होतं." मॉनिटरवर पाहिलं तर नाडीचे चढउतारच नाहीत, सपाट रेघ. बीपी मोजायच्या नळीत, कॅथेटरमध्ये, गुठळी! मागच्या फायली उघडल्या, त्यांतही तेच. तीन आठवड्यांचे रॅट वाया. तेव्हापासून मी दर पंधरा मिनिटांनी गुठळी रोखणाऱ्या हेपॅरिनचं सलाइन त्या नळीत स्वतः सोडतो. शिवाय ऑक्सिजन नॉर्मल ठेवून नुसतं बीपी तेवढंच उतरवलेला एक गट असल्याशिवाय आलेख बघतच नाही.

दुसरी चूक घाईची. कवटीला ड्रिल दाबलं की उष्णतेनं आणि दाबानं लाट तिथेच सुटते. मग तास-दीड तास रक्तप्रवाह मंदावलेला, आणि मंडळी त्यालाच बेसलाइन, म्हणजे तुलनेची मूळ पातळी, धरतात. थेंब थेंब गार सलाइन, हलका हात, आणि नंतर निदान दीड तास थांबा. चहा घ्या, पण थांबा.

जनावर स्वतः श्वास घेत असेल तर ऑक्सिजन उतरताच ते धापा टाकतं, कार्बन डायऑक्साइड घटतो आणि रक्तवाहिन्या त्यानंच आकसतात. व्हेंटिलेटर लावा, ब्लड गॅस काढा, म्हणजे रक्तातले हे वायू मोजा. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विसंबू नका.

लाटेची विद्युत नोंद घेताना एसी ऍम्प्लिफायर नको; फक्त झटपट चढउतार दाखवणारा हा ऍम्प्लिफायर लाटेचा संथ डीसी बदल (व्होल्टेजची हळू सरकणारी पातळी) गाळून टाकतो.

माउसमध्ये, म्हणजे रॅटपेक्षा लहान उंदरात, पुरेशा ऑक्सिजनवरही प्रवाह आटतो, तेव्हा त्याची रॅटशी तुलना नको.

आणि लाट येतच नाही म्हणून लाट सुरू करायला मेंदूवर ठेवलेला पोटॅशियमचा कापूस बदलत बसलेले महाभाग मी पाहिले आहेत. भूल केटामाइनची. लाट तेच अडवतं, कापसाचा काय दोष?