घराच्या तपासणीनंतर एआयकडून वाटाघाटी करून घेताना या चुका टाळा

ठाणे आणि नवी मुंबईत पुनर्विक्रीचे फ्लॅट तपासून अहवाल देण्याचे काम मी करतो. अलीकडे घेणारी मंडळी तो अहवाल एआय साहाय्यकाला देतात आणि त्याने लिहिलेले पत्र तसेच्या तसे मालकाला किंवा एजंटला पाठवतात. एआयकडून मसुदा करून घेण्यास माझी हरकत नाही. पण पाठवणाऱ्याने तो एकदाही पूर्ण वाचलेला नसतो, याचा मला आता मनस्वी कंटाळा आला आहे.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे भलत्याच माणसाला भलताच कायदा दाखवणे. रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता (नियमन व विकास) कायदा, 2016 च्या कलम 14(3) नुसार ताबा दिल्यापासून 5 वर्षांच्या आत बांधकामातील दोष लक्षात आणून दिल्यास तो 30 दिवसांत विनामूल्य दुरुस्त करण्याची जबाबदारी प्रवर्तकावर, म्हणजे बिल्डरवर, असते. साहाय्यकाला हे कलम तोंडपाठ असते. समोरचा माणूस बिल्डर आहे की राहते घर विकणारा गृहस्थ, हे मात्र आपण सांगितल्याशिवाय त्याला कळत नाही.

नेरुळमध्ये तीस वर्षांहून जुन्या इमारतीतील एका फ्लॅटच्या व्यवहारात नेमके हेच झाले. टॉयलेटच्या छताचे प्लास्टर सुटून गंजलेल्या सळ्या दिसत होत्या आणि बेडरूमच्या बाहेरच्या भिंतीला ओल होती. घेणाऱ्या तरुणाने माझा अहवाल अपलोड करून ‘कडक पत्र लिही’ एवढेच सांगितले. पत्र कडक झालेच: कलम 14(3), 30 दिवसांची मुदत, महारेराकडे (राज्याच्या रेरा प्राधिकरणाकडे) तक्रार करण्याचा इशारा आणि वर ‘इन्स्पेक्शन कंटिन्जन्सी’खाली, म्हणजे तपासणीत दोष निघाल्यास माघार घेण्याच्या अटीखाली, व्यवहार रद्द करण्याचा हक्क. अशी अट अमेरिकेतील खरेदी करारांत सर्रास असते. आपल्याकडे टोकनच्या वेळी एमओयूमध्ये (प्राथमिक सामंजस्य करारात) ती लिहून घेतली नसेल, तर तिचा आधार घेता येत नाही. मालक निवृत्त गृहस्थ होते. त्यांनी ते पत्र सोसायटीच्या सेक्रेटरींना दाखवले आणि संध्याकाळी एजंटला फोन करून ‘मला त्यांना घर विकायचंच नाही, टोकन परत घेऊन जायला सांगा’ असे कळवले. दोष खरे होते, दुरुस्तीचा खर्चही खरा होता, पण त्यावर बोलणी करायला कोणी उरले नाही.

म्हणून मी साहाय्यकाला आधी व्यवहार सांगतो: पुनर्विक्री, इमारतीचे वय, सिडकोची भाडेपट्ट्याची जमीन, टोकन दिले की नाही, एमओयूमध्ये काय लिहिले आहे. पहिल्या पत्रात एकही कलम नको, हेही बजावतो. मालक वयाने मोठे असतील, तर मसुदा बाजूला ठेवून मी घेणाऱ्याला साधा मेसेज करायला सांगतो: ‘काका, टॉयलेटच्या छताचं काम ठेकेदाराला दाखवलं. त्याचं कोटेशन सोबत जोडलं आहे. रविवारी येऊन बोलू का?’

दुसरी चूक म्हणजे अहवालातील प्रत्येक ओळीची किंमत काढून घेऊन एकूण रक्कम घराच्या किमतीतून वजा करायला सांगणे. साहाय्यक आज्ञाधारकपणे सैल बिजागरीपासून गंजलेल्या सळ्यांपर्यंत सगळे एकाच बेरजेत घालतो, आणि दर कुठले लावले ते विचारले की गडबडतो. त्यातली कित्येक कामे मालकाच्या माथी मारताच येत नाहीत. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाच्या पाण्याची आणि सामायिक पाइपची गळती सोसायटीने आपल्या खर्चाने दुरुस्त करायची असते. नेरुळच्या त्या बाहेरच्या भिंतीची ओल याच प्रकारात मोडत होती. छतातली गळती वरच्या टॉयलेटमधून येत असेल, तर वरच्या सभासदाला बोलवावे लागते. याच उपविधींत 15 ते 30 वर्षे वयाच्या इमारतीचे 5 वर्षांतून एकदा आणि त्याहून जुन्या इमारतीचे 3 वर्षांतून एकदा स्ट्रक्चरल ऑडिट सांगितले आहे. तो अहवाल मागा, आणि मोठ्या दुरुस्तीची वर्गणी बाकी असल्यास ती कोण भरणार ते ठरवा. टाइल्सच्या चार भेगांवर घासाघीस करण्यापेक्षा खरी रक्कम येथे वाचते, पण उतावळ्या माणसाला सेक्रेटरींच्या ऑफिसपर्यंत जायचे नसते.

आपली कमाल किंमत साहाय्यकाला सांगितली असेल, तर उत्तर पूर्ण कॉपी करू नका. ‘तुमची कमाल मर्यादा या मसुद्यात उघड केलेली नाही’ ही शेवटची ओळसुद्धा व्हॉट्सॲपवर मालकाकडे गेलेली मी पाहिली आहे.

मालकाचे आधार, पॅन आणि जुना करारनामा अपलोड करू नका. बोलणी करायला त्यातले काहीही लागत नाही.

भिंतीचा फोटो दाखवून ‘ओल आहे का’ असे विचारू नका. ताज्या रंगाखालची ओल फोटोत दिसत नाही. भिंतीला मॉइश्चर मीटर लावावा लागतो, किंवा जुलैमध्ये घर पुन्हा पाहावे लागते.

किंमत कमी करायचे ठरले, की चॅटवरच्या ‘ओके’वर थांबू नका. नवी रक्कम सुधारित एमओयूमध्ये आणि नंतर नोंदणी होणाऱ्या विक्री करारात यायला हवी, आणि गृहकर्ज घेत असाल तर बँकेलाही ती आधी कळवायला हवी, कारण करारातील रक्कम बदलली की मंजूर कर्जाचा हिशेबही बदलू शकतो.