टॉवरच्या खर्चातला आपला वाटा असा काढा
अमेरिकेत सेसनासारखं छोटं विमान उडवताना टॉवरशी, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रण कक्षाशी बोललात, तरी वेगळं बिल येत नाही. आपला वाटा इंधनाच्या दरातच असतो. पंपावरची पावती घ्या, गॅलनमागे १९.३ सेंट कर धरा. परवा मी २० गॅलन निळं अ‍ॅव्हगॅस, म्हणजे छोट्या विमानांचं पेट्रोल भरलं. हवाई वाहतुकीच्या सरकारी निधीत गेले ३.८६ डॉलर.

आता एअरलाइनचं देशांतर्गत तिकीट बघा: मूळ भाड्यावर ७.५ टक्के कर, शिवाय प्रत्येक टप्प्याचं ठरावीक शुल्क. ३०० डॉलर भाड्यावर एका प्रवाशाचेच २२.५० डॉलर. दोन्ही पैसे १९७० पासूनच्या एकाच निधीत पडतात.

एअरलाइन्स म्हणतात, विमान छोटं असो वा मोठं, रडारवर ठिपका सारखाच; मग छोट्या विमानांनीही सेवेचे थेट पैसे द्यावेत. मला पटत नाही. एवढी यंत्रणा मोठ्या विमानतळांच्या गर्दीसाठी उभी आहे. आणि प्रत्येक हाकेला पैसे लागले, तर ढग दाटून आल्यावरही नवशिका पायलट कंट्रोलरला हाक मारायला कचरेल. मला धास्ती त्याची वाटते.