गाडी जागेवरून सुटताना चाकं का घसरतात, आणि त्यावर काय करायचं

इलेक्ट्रिक मोटर उभ्या गाडीलाच पूर्ण टॉर्क, म्हणजे चाक फिरवण्याचा जोर, देते. बीवायडी ॲटो ३ या इलेक्ट्रिक गाडीत मोटरचे हे ३१० न्यूटन-मीटर फक्त पुढच्या दोन चाकांकडे जातात, आणि नेमकं तेव्हाच गाडीचं वजन मागे झुकतं. पकड हवी असते तीच चाकं हलकी होतात. अशा गाडीला अजून ताकद काय कामाची?

हे सगळं बंद ट्रॅकवर करायचं. सिग्नलला नाही.

टायर मऊ रबराचे घ्या; रेंजसाठी (एका चार्जमध्ये जास्त अंतर जाण्यासाठी) बनवलेले कडक टायर इथे उपयोगाचे नाहीत. माप तेच, लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो तो आकडा) कमी नको, बॅटरीचं वजन आहे. टायरच्या बाजूवर छापलेली बनवल्याची तारीख बघा: ०८२४ म्हणजे २०२४ चा आठवा आठवडा.

आता हवा. माझा एक अख्खा दिवस इथेच वाया गेला. 'ड्रॅगवाले (सरळ ट्रॅकवर छोट्या अंतराची शर्यत लावणारे) वीसच ठेवतात' हे ऐकून मीही पुढे २२ पीएसआय ठेवली. स्टिअरिंग लोळायला लागलं, टायरच्या कडा तापल्या आणि ट्रॅकवर आधीपेक्षा जास्त वेळ लागला. ती वीसची गोष्ट मागच्या चाकांवर चालणाऱ्या, खास ड्रॅग टायर लावलेल्या गाड्यांची. आपल्या रेडियल टायरची हवा फार उतरवली की ट्रेडचा (जमिनीला टेकणाऱ्या नक्षीच्या पट्ट्याचा) मधला भाग जमिनीवर नीट दाबला जात नाही, सगळा भार कडांवर जातो. उलट रेंजसाठी ४० भरून फिरणारे फक्त मधल्या पट्टीवर धावतात. दोघांचंही चुकतं.

दारावरच्या स्टिकरवरचा आकडा घ्या, टायर थंड असताना भरा. मग फक्त पुढच्या चाकांत दोन-दोन पीएसआयने उतरा. प्रत्येक वेळी ट्रेडवर आडवी खडूची रेघ मारून गाडी दहा मीटर सरळ, हळू न्या. रेघ मध्येच पुसली तर हवा जास्त, कडांनाच पुसली तर कमी. सगळीकडे सारखी पुसली की थांबा. स्टिकरपेक्षा चारहून जास्त खाली मी कधीच जात नाही. आणि सकाळचा आकडा दुपारी खरा धरू नका. तापलेल्या टायरमध्ये तो सहज तीन-चारने चढतो.

बर्नआऊट, म्हणजे जागेवरच चाकं फिरवून टायर तापवणं, नको. रस्त्याचा टायर जास्त तापला की उलट घसरतो. खडी झाडा, चाकं सरळ ठेवा.

ट्रॅक्शन कंट्रोल (चाक घसरलं की ताकद आपोआप कमी करणारी यंत्रणा) चालूच राहू द्या. पॅडल आधी अर्धं, गाडीने पकड घेतली की पूर्ण.

घरी निघण्याआधी हवा परत स्टिकरवरच्या आकड्याला. माझा छोटा कॉम्प्रेसर डिकीतच असतो.