स्टीलचा फर्मेंटर घ्यायचाय? मग ऑर्डरच्या आधीपासूनची तयारी

फर्मेंटर म्हणजे घरी बियर आंबवायचं भांडं, तो बघायच्या आधी टेप काढा आणि ज्यात तो ठेवणार तो फ्रीज मोजा. गॅरेजमधला जुना फ्रीज आतून दिसतो ऐसपैस, पण मागे खाली कॉम्प्रेसरचा उंचवटा असतो, दाराचे कप्पे आत आलेले असतात, आणि फर्मेंटरची जी उंची छापलेली असते तिच्यात झाकणावरचा ब्लो-ऑफचा, म्हणजे आंबताना वायू आणि फेस बाहेर नेणारा, पाईप आणि त्याचं वळण बहुतेक वेळा धरलेलं नसतं. पाय असलेलं कोनिकल, म्हणजे खाली निमुळतं होणारं भांडं, घेणार असाल तर हमखास इथेच गाडी अडते. चेस्ट फ्रीझर असेल तर उंचीपेक्षा स्वतःच्या कंबरेचा विचार करा, कारण 5 गॅलन म्हणजे 19 लिटर वॉर्ट, म्हणजे अजून न आंबलेलं माल्टचं गोड पाणी, वीस किलोच्या आसपास जातं, वर भांड्याचं वजन, म्हणजे पंचवीस किलो ऐवज फ्रीझरच्या भिंतीवरून उचलून आत सोडायचा आणि तोही न हिंदकळता. त्यापेक्षा फर्मेंटर रिकामा आत ठेवा आणि तिथेच पंपाने किंवा उंचावरून पाईप लावून भरा. हे आधी ठरवा, मग मॉडेल.

आणि एक स्पष्टच सांगतो, तापमान धरायची सोय नसेल तर स्टीलवर पैसे घालू नका. प्लास्टिकची बादली अधिक फ्रीज अधिक तापमानाचा कंट्रोलर हा संच चकाचक कोनिकल उघड्या बेसमेंटमध्ये ठेवण्यापेक्षा कधीही चांगली बियर देतो. यीस्ट काम करताना उष्णता सोडतं, जोरात चालू असताना आतलं तापमान खोलीपेक्षा सहज 5 ते 8 फॅरनहाइट वर जातं, म्हणजे न्यू जर्सीच्या जुलैमध्ये बेसमेंट 74 ला असेल तर एलचं, म्हणजे कोमट तापमानात आंबणाऱ्या बियरचं, यीस्ट बिचारं 80 च्या पलीकडे शिजत बसतं आणि मग ती नेलपॉलिश रिमूव्हरसारखी झाक येते. साध्या एलसाठी 64 ते 68, लागरसाठी, म्हणजे गारव्यात आंबणाऱ्या बियरसाठी, 50 ते 54 धरता आलं पाहिजे. त्यात स्टीलचा पत्रा पातळ, बाहेरची हवा तापली-गार झाली की आत लगेच पोचते, म्हणून फ्रीज नसेल तर निदान निओप्रीनचं जॅकेट आणि आत कूलिंग कॉइल तरी हवी. ग्लायकॉल चिलर, म्हणजे कॉइलमधून गार द्रव फिरवणारं यंत्र, मस्तच असतो पण त्याची किंमत बघितली की घरातून विचारणा होते. फ्रीजवाल्यांनी इंकबर्डसारखा दोन प्लगचा कंट्रोलर घ्यावा, एक गार करायला एक गरम करायला, हिवाळ्यात गॅरेज गोठतं तेव्हा दुसरा लागतोच. प्रोबसाठी, म्हणजे कंट्रोलरच्या तापमान मोजणाऱ्या टोकासाठी, फर्मेंटरला थर्मोवेल (आत शिरणारी बंद नळी) असेल तर उत्तम, नसेल तर प्रोब बाहेरून भांड्याला चिकटवा आणि वर फोमचा जाड तुकडा बांधा, नुसता फ्रीजमध्ये लोंबकळत ठेवला तर तो बियरचं नाही, हवेचं तापमान सांगतो.

कायद्याचंही एकदा सांगून टाकतो कारण पुण्या-मुंबईहून कोणी ना कोणी विचारतंच. अमेरिकेत घरी बियर करायची केंद्रीय परवानगी 1978 मध्ये जिमी कार्टरच्या सहीने आली, घरात एक प्रौढ असेल तर वर्षाला 100 गॅलन, दोन किंवा जास्त असतील तर 200, आणि विकायची अजिबात नाही. राज्यांचे नियम वेगळे, मिसिसिपी आणि अलाबामा तर 2013 मध्ये कुठे राजी झाले. महाराष्ट्रात 1949 चा दारूबंदी कायदा आहे आणि परवान्याशिवाय घरी गाळणं-आंबवणं गुन्ह्यात मोडतं, तेव्हा हे सगळं जिथे चालतं तिथल्या लोकांसाठी.

आता आकार. 19 लिटरची बॅच करत असाल तर फर्मेंटर 7 गॅलनच्या आसपासचा हवा, म्हणजे 26 लिटर, कारण वर फेसाला पाव भागाइतकी तरी जागा लागते. गव्हाची बियर करणाऱ्यांनी तर एअरलॉकवर, म्हणजे वायू बाहेर सोडणाऱ्या पाण्याच्या छोट्या झडपेवर, विसंबूच नये, जाड ब्लो-ऑफ पाईप पहिल्या दिवसापासून लावून ठेवावा. उलट फार मोठा फर्मेंटर घेऊन त्यात अर्धीच बॅच करू नका, रिकामी जागा म्हणजे शेवटी ऑक्सिजनला निमंत्रण.

प्रकार म्हणाल तर तीन. एक साधी स्टीलची बादली, खाली थोडासा कोन, नळ आणि क्लॅम्पचं झाकण. दुसरं खरं कोनिकल, 60 अंशाचा कोन, खाली गाळ काढायचा डंप व्हॉल्व, बाजूला स्वच्छ बियर काढायला फिरवता येणारा रॅकिंग आर्म. तिसरा म्हणजे सोड्याचा जुना कॉर्नी केग, म्हणजे शीतपेयाचं उंच स्टीलचं पिंप, ज्याच्याकडे कोणी फर्मेंटर म्हणून बघतच नाही. माझं मत विचाराल तर 19 लिटरला बादली पुरते. कोनिकलचा खरा फायदा यीस्ट खालून काढून परत वापरणं, आणि तो दर दोन-तीन आठवड्यांनी ब्रू करणाऱ्यालाच होतो, वर्षातून चार बॅच करणाऱ्याला तो व्हॉल्व फक्त धुवायला जास्तीचा पार्ट आहे. शिवाय इतक्या लहान भांड्यात कोन अरुंद, व्हॉल्व एकदम उघडला तर मधलं यीस्ट भोक पडल्यासारखं निघून जातं आणि मागोमाग चांगली बियर येते, कडेचा गाळ तसाच चिकटलेला. हळूहळू, थोडं थोडं काढायचं.

केगचं मात्र जरा सांगतो. 5 गॅलनच्या केगमध्ये 4 गॅलन, म्हणजे 15 लिटर बॅच बसते. दाबाला तो बनलेलाच असतो, झाकणावर जास्तीचा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व असतो, आतल्या लांब नळीऐवजी फ्लोटिंग डिप ट्यूब, म्हणजे तरंगत्या तोंडाची नळी, टाकली की वरची स्वच्छ बियर निघते, आणि फ्रीजमध्ये तो गुमान उभा राहतो. वापरलेला घेणार असाल तर सगळे रबरी ओ-रिंग बदला, एकही जुना ठेवू नका, रूट बियर या अमेरिकन सोड्याचा वास त्या रबरात असा मुरलेला असतो की तुमच्या पिल्सनर बियरमध्ये उतरतोच. ड्राय हॉप (वासासाठी नंतर टाकतात ती हॉपची फुलं) मोकळे टाकले तर नळी तुंबते, जाळीची पिशवी वापरा. पहिल्यांदाच स्टीलकडे वळणाऱ्याला मी हाच सुचवेन.

स्टीलचा ग्रेड 304 पुरे, त्यात साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल. 316 च्या नावाखाली कोणी जास्त पैसे मागत असेल तर सोडून द्या. चुंबक लावून ग्रेड ओळखायला जाऊ नका, 304 सुद्धा वाकवून-दाबून आकार दिला की थोडं चिकटतं. त्यापेक्षा जोड बघा. आत हात घालून वेल्डवरून नख फिरवा, नख अडलं तर तिथे यीस्ट आणि बॅक्टेरिया पण अडणार. वेल्डच्या कडेला निळसर-सोनेरी डाग तसाच ठेवला असेल तर गंज पहिला तिथे येतो. नट-वॉशरने बसवलेल्या फिटिंगपेक्षा वेल्ड केलेलं ट्राय-क्लॅम्प (दोन गोल कडा मध्ये गॅस्केट घालून बाहेरून आवळायची जोडणी) चांगलं कारण आट्यांमध्ये बियर लपते. ट्राय-क्लॅम्पमध्ये एक गंमत आहे, 1 इंच आणि दीड इंच दोन्हींची बाहेरची कड एकाच मापाची, क्लॅम्प तोच बसतो, पण 1 इंची गॅस्केट दीड इंची पाईपात घातलं की भोक आत बारीक होतं आणि त्या कडेवर हॉप साचतात. सुट्टे गॅस्केट मागवताना हे बघा.

नळाचा व्हॉल्व बटरफ्लाय (आत फिरणारी चकती) की बॉल (आत फिरणारा गोळा), यावर लोक भांडतात. बॉल व्हॉल्व स्वस्त असतो. पण एकदा वापरलेला, बाहेरून लख्ख धुतलेला बॉल व्हॉल्व पाना लावून उघडून बघा, गोळ्याच्या मागच्या पोकळीत करड्या रंगाचा बुळबुळीत लगदा बसलेला असतो, आंबूस वासाचा, आणि पुढची बियर त्याला चाटून जाते. प्रत्येक बॅचनंतर सुटा करणार असाल तरच घ्या.

दाबाचं नीट वाचा. भांड्यावर किंवा कागदावर किती पीएसआय (दाबाचं माप, पौंड प्रति चौरस इंच) ते लिहिलेलं नसेल तर ते भांडं दाबाचं नाही, झाकणाला चार क्लॅम्प आहेत म्हणून ते दाब झेलेल असं नाही. प्रेशर फर्मेंटर बहुतेक 15 पीएसआयचे असतात आणि रिलीफ व्हॉल्व तेवढ्यालाच सुटतो. कुकरच्या सेफ्टी व्हॉल्वला जसं कोणी बोळा कोंबत नाही तसंच याचं, आणि हॉपचा चुरा अडकून तो बसत नाही ना हे दर वेळी ओढून बघायचं. 19 लिटर बियर आंबताना साडेतीनशे-चारशे लिटर कार्बन डायऑक्साइड निघतो, त्याला वाट नसेल तर काय होईल ते समजून घ्या. छोट्या बंद खोलीत हवा खेळती ठेवा आणि चेस्ट फ्रीझरमध्ये डोकं घालून वास घेत बसू नका.

खोकं आलं की लगेच ब्रू डे, म्हणजे बियर करायचा दिवस, ठरवू नका, मध्ये एक संध्याकाळ ठेवा. नवीन स्टीलला कारखान्यातलं पॉलिश आणि तेल लागलेलं असतं, दिसत नाही. पीबीडब्ल्यू ही ब्रूइंगची धुवायची पावडर गरम पाण्यात घालून पूर्ण भरून अर्धा तास ठेवा, धुवा, मग पांढरा पेपर टॉवेल आतून फिरवा. पहिल्या वेळी तो काळपट निघतो, विशेषतः झाकणाच्या कडेला आणि वेल्डपाशी. पांढरा निघेपर्यंत परत. त्यानंतर सायट्रिक ॲसिडचं पाणी फिरवून धुवा आणि उघडं वाळू द्या, त्याने पृष्ठभागावरचं सुटं लोखंड निघून जातं आणि क्रोमियमचा संरक्षक थर नीट धरतो. तारेची घासणी मात्र या भांड्याच्या आसपास फिरकू देऊ नका, साध्या लोखंडाचे कण राहिले की चार दिवसांत तपकिरी ठिपके. ब्लीचही नको, क्लोराइडने स्टीलला बारीक खड्डे पडतात. घरात भांडी घासायला कोणी मदतीला येत असेल तर हे आधी सांगून ठेवा, पाहुण्या आलेल्या आई प्रेमाने घासून लख्ख करून ठेवतात.

मग पाणी भरून रात्रभर ठेवा, खाली कोरडा वर्तमानपत्राचा कागद, गळती लगेच कळते. प्रेशरवाला असेल तर रिकामा असताना 5 पीएसआय भरून सगळ्या जोडांवर स्टार सॅन या सॅनिटायझरचा फेस फवारा आणि शांतपणे बघत बसा. मोठी गळती फुसफुसते, ती सोपी. छोटी असली की गॅस्केटच्या कडेला फेसातून एकच बुडबुडा सावकाश फुगत जातो, फुटतो, परत तिथूनच फुगतो. क्लॅम्प अजून आवळण्याआधी सोडून गॅस्केट परत बसवा, निम्म्या वेळा ते सरकलेलंच असतं. याच फेरीत लिटरच्या खुणा तपासा, मोजून पाणी ओतत जा, आत कोरलेल्या खुणा नसतील तर एखाद्या स्टीलच्या पट्टीवर स्वतः करा. स्टीलमधून आत दिसत नाही हे मान्य करून टाका. ब्लूटूथ हायड्रोमीटर (आंबणं किती झालं ते सांगणारं तरंगतं यंत्र) आत टाकणार असाल तर पत्र्यातून सिग्नल अडखळतो, फोन किंवा रिसीव्हर जवळ ठेवा.

ब्रू डेच्या आदल्या रात्री सगळे व्हॉल्व सुटे करून धुतलेले, परत जोडलेले, कंट्रोलर लावून फ्रीज हव्या त्या तापमानाला आणून ठेवलेला, एवढं असलं की सकाळी घाई होत नाही. स्टार सॅन 19 लिटर पाण्याला 30 मिली, दोन मिनिटं सगळीकडे लागलं पाहिजे, नळातून पण थोडं सोडा, आणि राहिलेल्या फेसाला घाबरू नका, तो धुवायचा नसतो. रॅकिंग आर्म वरच्या बाजूला वळवून ठेवा म्हणजे गाळ तोंडात जाणार नाही. वॉर्ट यीस्टच्या तापमानाला आल्यावरच भरा, गरम भरून फ्रीज करेल गार म्हणू नका, त्याला रात्र लागते. लिक्विड यीस्टला ऑक्सिजन द्या, ड्राय यीस्टला फारशी गरज नाही. यानंतर मात्र ऑक्सिजन शत्रू, न्यू इंग्लंड आयपीए ही भरपूर हॉपची गढूळ बियर तर थोड्या हवेने आठवड्याभरात करडी-जांभळट होते आणि ओल्या पुठ्ठ्यासारखी लागते.

म्हणून बियर काढायची तयारी सुरुवातीलाच करा. ब्लो-ऑफचा पाईप सॅनिटायझरने भरलेल्या केगच्या एका पोस्टला, म्हणजे वरच्या जोडाला, जोडा, दुसऱ्या पोस्टमधून पाणी बाहेर, आंबताना निघालेला वायूच केग साफ करून देतो, सिलिंडरचा गॅस वाचतो. कोल्ड क्रॅशच्या, म्हणजे गाळ बसवायला बियर गार करायच्या, आधी ब्लो-ऑफचा पाईप पाण्याच्या बरणीत बुडवलेला असेल तर तो काढा, कारण गार होताना आतली हवा आकसते आणि बरणीतलं सगळं पाणी घटाघटा आत ओढलं जातं, बियरमध्ये. दाबाचं भांडं असेल तर आधी थोडा गॅस देऊन ठेवा, साधी बादली असेल तर गॅसने भरलेला फुगा किंवा पिशवी जोडा आणि दाब देऊ नका.

रिकामा झाला की त्याच दिवशी धुवा. वाळलेला फेसाचा पट्टा दुसऱ्या दिवशी निम्मा वेळ खातो. वर्षभरात कधीतरी आत पांढुरका खरखरीत थर हाताला लागेल, तो कॅल्शियम ऑक्झलेट, बियरस्टोन म्हणतात, पीबीडब्ल्यूने एकट्याने जात नाही, ॲसिडचा क्लीनर लागतो. सिलिकॉनची गॅस्केटं हॉपचा वास धरतात, आयपीएची वेगळी आणि लागरची वेगळी ठेवा, तशीही ती स्वस्त असतात, एकदम दहा मागवा. झाकण बंद करून ठेवू नका, आडवं टाकून वर स्वच्छ फडकं.