सावल्यांच्या पडद्यावर चि-लिनची सफर

मुलांसोबत सावल्यांच्या बाहुल्यांचा खेळ बसवताना चिनी गोष्ट म्हटली की ड्रॅगन, भिंत, कंदील, कुंगफू सगळं एकाच नाटकात कोंबलं जातं. त्यापेक्षा एक खरी घटना धरा. १४१४ मध्ये बंगालच्या सुलतानाने मिंग सम्राट योंगल याला जिराफ भेट पाठवला. दरबाराने त्याला चि-लिन हा दंतकथेतला शुभ प्राणी मानलं: हरणाचं अंग, बैलाची शेपटी, डोक्यावर शिंग, आणि चांगल्या राजाच्या काळातच दर्शन देणारा. मिंग दरबाराचा नौदलप्रमुख झेंग हे याच्या सात सागरी सफरी (१४०५ ते १४३३) याच काळातल्या, आणि त्याची जहाजं आपल्या कालिकतलाही लागत. सावल्यांच्या खेळाला हे फार सोयीचं, कारण जिराफ नुसत्या आकारावरून ओळखू येतो.

जादू एकच ठेवा. चीनमध्ये ११व्या शतकात पातळ लोखंडी पत्र्याचा मासा तापवून, विझवून, पाण्यात तरंगवून दिशा पाहत. गोष्टीत जहाजावर एक मुलगी ठेवा आणि तिच्याकडे असा मासा द्या. कुणी खोटं बोललं की तो उलटा फिरतो. दुसरी जादू घातलीत की मुलं प्रत्येक अडचणीला नवा मंत्र शोधतात. ड्रॅगन हवाच असेल तर पाऊस आणणारा दाखवा. आग ओकणारा, पंखवाला ड्रॅगन युरोपातला.

बाहुल्यांना लग्नपत्रिकेचा जाड कागद उत्तम. माणूस ३० सेंटिमीटर उंच, चेहरा बाजूने. डोकं वेगळं कापून गळ्याच्या खाचेत बसवा. एका धडावर तीन पात्रं निघतात. सांधे गोधडीच्या दोऱ्याने, गाठीत दोन मिलिमीटर ढील ठेवून. आवळलेत तर पाय काठीसारखे ताठ राहतात. उत्तरायणात फाटलेले पतंग बडोद्यात घरोघरी असतात: कामट्यांच्या काठ्या करा, कागद बाहुल्यांत कापलेल्या खिडक्यांना रंगासाठी लावा. पारंपरिक पद्धतीत एक काठी गळ्याशी, दोन मनगटांशी. काठी सपाट चिकटवू नका, तिचीही सावली पडते. तारेची छोटी कडी करून ती बाहुलीला काटकोनात अडकवा.

खरी कटकट जिराफाची. मानेवर ठिपके कापले की ती कमकुवत होते आणि दुसऱ्याच प्रवेशात वाकते. मान दुहेरी कागदाची करा, मधोमध कामटी घाला, ठिपके छोटे आणि कडेपासून एक सेंटिमीटर आत कापा. काठ्या दोन: एक मानेच्या बुडाशी, एक मागच्या पायांजवळ.

पडद्याला दीड मीटर रुंद मलमल किंवा जुनं धोतर, ताणून. मे महिन्यात पंखा बंद ठेवणं अशक्य, म्हणून खालच्या कडेत बांबू घाला आणि पंखा प्रेक्षकांकडे वळवा. दिवा एकच, नऊ वॅटचा, पडद्यामागे तीन फुटांवर, खेळवणाऱ्यांच्या डोक्यांच्या वर. ट्यूबलाइट लावली तर सावल्यांच्या कडा फुटतात. बाहुली कापडाला टेकलेली हवी. हात मागे गेला की ती धूसर आणि मोठी होते. वादळात हाच दोष मुद्दाम वापरा, लाट वाढत गेल्यासारखी दिसते.

खेळ बारा मिनिटांचा पुरे. बडोद्यात कमाटीबागेच्या म्युझियममधलं चीन-जपानचं दालन आधी दाखवून आणा, पोशाख कापताना मुलं बाह्या नीट रुंद ठेवतात.

बाहुल्यांना खोबरेल चोळलं तर रंग उजळतात, पण रात्रभर वर्तमानपत्रात दाबून तेल टिपा, नाहीतर पडद्यावर डाग पडतात. ठेवताना डोकी काढून, मध्ये कागद घालून ठेवा. उन्हाळ्यात एकमेकींना चिकटतात.