जन्मदाखल्यावर मुलीचं नावच नाही, न्यूझीलंडचा पालक व्हिसा अडकला

मुलगी 9 वर्षांची, न्यूझीलंडला शिकायला जाणार. तिकडे एवढ्या लहान परदेशी विद्यार्थ्यासोबत साधारणपणे आई किंवा वडील राहावे लागतात, म्हणून माझा गार्डियन व्हिसा. नात्याचा पुरावा म्हणजे जन्मदाखला. आमच्या दाखल्यावर नावाच्या रकान्यात नुसती रेघ! इस्पितळ 21 दिवसांत नोंद कळवतं, आमचं बारसं त्यानंतर झालं.

नोटरीचं प्रतिज्ञापत्र, शाळेचं बोनाफाइड, दोन्ही चाललं नाही. एजंट तर नवीनच नोंद करू म्हणाला. त्या वाटेला जाऊ नका, एका जन्माच्या दोन नोंदी म्हणजे कायमची कटकट. डोकं पार पिकलं.

चाललं ते असं. आधी जुन्या दाखल्यावरचा नोंदणी क्रमांक आणि तारीख टिपली. मग जिथे जन्म झाला त्या भागाच्या महापालिका वॉर्ड ऑफिसात, आरोग्य खात्याकडे गेले (राहत्या वॉर्डात हे होत नाही). 'नाव समाविष्ट करणे' असा अर्ज मागितला. 'दुरुस्ती' म्हटलंत की भलत्याच टेबलावर पाठवतात. सोबत मूळ दाखला, दोघांची आधार कार्डं, मुलीचा पासपोर्ट. वर्षभरात नाव फुकट घालता येतं, पुढे 15 वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून.

छापण्याआधी मसुदा दाखवायला सांगा. मराठी-इंग्रजी दोन्ही रकाने पासपोर्टशी अक्षर न् अक्षर ताडा. आमच्याकडे 'श्रेया'च्या इंग्रजीत एक 'ए' जास्त होता, तिथेच काढून घेतला. नोंदणी क्रमांक जुनाच राहिला. तोच दाखला व्हिसाला जोडला.